कमरेवरचा जुना व्रण भरत नाही : बायोप्सी करावी का?

प्रश्न (रानजाई): माझ्या सासूबाई सत्तरीच्या जवळ आहेत आणि लग्नापासून नऊवारी लुगडे नेसतात. कमरेला उजव्या बाजूस, जिथे गाठ बसते तिथे, अनेक वर्षांपासून काळपट पट्टा आहे. गेल्या काही महिन्यांपासून त्याच जागी जखम झाली असून, ती मलमाने सुकल्यासारखी वाटते आणि पुन्हा चिघळते. गावातले डॉक्टर गजकर्ण समजून औषध देतात. या जखमेची बायोप्सी (छोटा तुकडा काढून तपासणी) करून घ्यावी का?

प्रतिसाद (त्वचारोगतज्ज्ञ): होय, आणि विलंब न लावता करावी. कमरेवरचे बहुतेक काळे पट्टे केवळ घर्षणाचे असतात, त्यामुळे घाबरून जाऊ नये; परंतु महिनोन्‌महिने न भरणारा, कडा उचललेला व कडक झालेला, सहज रक्त येणारा व्रण स्क्वेमस सेल कार्सिनोमा असू शकतो. हा त्वचेच्या कर्करोगाचा एक नेहमी आढळणारा प्रकार आहे. सततच्या दाबाने त्वचा पातळ होते, फाटते, भरते आणि पुन्हा फाटते. अशा जुनाट जखमेत उद्भवणाऱ्या कर्करोगास मार्जोलिन व्रण म्हणतात, आणि तो भाजल्याच्या जुन्या व्रणातही होतो. वर्धा आणि बिहारमधील डॉक्टरांनी २०२४ मध्ये एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात अशा दोन स्त्रियांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांपैकी लुगडे नेसणाऱ्या स्त्रीच्या जांघेतील लसिका ग्रंथीपर्यंत (रोगप्रतिकार यंत्रणेतील लहान गाठीपर्यंत) रोग पोहोचला होता. म्हणून जांघेत गाठ लागते का, हेही डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. बायोप्सीसाठी जागा बधिर करून व्रणाच्या कडेचा तुकडा घेतात, कारण मधल्या भागात बऱ्याचदा केवळ मृत ऊतक मिळते. निदान पक्के झाल्यास भोवतालच्या निरोगी त्वचेसह व्रण काढून टाकणे हा मुख्य उपचार आहे.

प्रतिसाद (माळरान): ‘साडीमुळे कर्करोग’ असे बातम्यांचे मथळे वाचून लोक साडीलाच दोष देऊ लागले, हे मला पटत नाही. दोष आहे तो रोज त्याच जागी आवळलेल्या गाठीचा. धोतर घट्ट नेसणाऱ्या पुरुषांमध्येही असाच कर्करोग नोंदला गेला आहे.

प्रतिसाद (त्वचारोगतज्ज्ञ): बरोबर आहे. इथे उन्हाचा संबंध नसल्याने सनस्क्रीनचाही उपयोग नाही. परकराला बारीक नाडीऐवजी रुंद पट्टा लावावा, गाठीची जागा बदलत राहावी आणि घरी असताना ती सैल सोडावी. उन्हाळ्यात शेतात काम करणाऱ्या बायकांच्या कमरेवर घाम व धूळ साचून खाज वाढते, म्हणून संध्याकाळी ती जागा धुऊन कोरडी करावी. खाजवून सोलवटलेल्या त्वचेवर पुन्हा नाडी आवळू नये. ती बरी होईपर्यंत गाऊनसारखा सैल कपडा वापरावा.

रानजाई: सासूबाई गाऊन घालायला तयार होणार नाहीत, पण गाठ सैल ठेवायला त्यांनी होकार दिला आहे. सोमवारी त्यांना वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात नेत आहोत.

प्रतिसाद (त्वचारोगतज्ज्ञ): आतापर्यंत वापरलेल्या सर्व मलमांच्या नळ्या सोबत न्याव्यात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगावरील शस्त्रक्रियांचा समावेश आहे, त्यामुळे शिधापत्रिकाही न्यावी.