थोरली गावी, धाकटी मुंबईत वाढलेली: मोकळं बोलणं कुठून सुरू करावं?

सुरंगी:
थोरली गुहागरकडे आजीजवळ वाढलेली, धाकटी आईवडिलांबरोबर लालबागच्या चाळीत. वडील गिरणीत होते. दोघी बहिणी आता पन्नाशीच्या आसपास. भांडण नाही, पण बोलणं "पोचलीस का" आणि "पेटी पाठवली"च्या पुढे जात नाही. "मलाच का ठेवलं?" हे थोरलीच्या मनात आहेच. गणपतीत दोघी माहेरी येतील. तेव्हा विषय काढावा का, आणि कसा? जमिनीच्या कागदांवर सह्याही त्याच वेळी करायचं चाललंय.

खाडीपलीकडची:
गणपतीत नको. गौरीच्या तीन दिवसांत घर चाकरमान्यांनी भरलेलं, विषय अर्ध्यावर तुटणार आणि तुटलेलं वाक्य काकू ऐकणार. मे महिना बरा. दोघींनी रातांबे फोडायला बसावं. हात गुंतलेले आणि नजर खाली असली की जे समोरासमोर निघत नाही ते निघतं.

पहिला प्रश्न "का" नको. तो निर्णय धाकटीने घेतलेला नव्हता, तरी "का" ऐकलं की ती आईवडिलांची वकिली सुरू करते. त्यापेक्षा रोजचं विचारावं: शाळेतून आल्यावर घरात कोण असायचं, ताप आला तर उशाशी कोण बसायचं, मनीऑर्डर कोणाच्या नावावर यायची. एकीने पंधरा-वीस मिनिटं बोलावं, दुसरीने फक्त "मग?" विचारावं. "असं नव्हतंच मुळी" हे वाक्य बंद. वयात चार-पाच वर्षांचं अंतर असलं की एकच मे महिना दोघींना वेगळा आठवतो. कोणाचं खरं ते ठरवायला बसू नये.

बिघडतं ते तुलनेने. "तुला आई मिळाली" म्हटलं की लगेच "तुला अंगण मिळालं" येतं. एका खोलीत, रात्रपाळीचे वडील दिवसा झोपलेले असताना आवाज न करता वाढणं, हेही काही सुख नव्हे. पण धाकटीने ते त्याच बैठकीत काढू नये, दुसऱ्या दिवशी काढावं.

बंदरकाठ:
सह्या वेगळ्या ठेवा, निदान काही महिन्यांच्या अंतराने. आधी मन मोकळं केलं आणि लगेच हक्कसोडपत्र, म्हणजे आपला हिस्सा सोडल्याचा कागद, पुढे आला, तर गोड बोलून सही घेतली असं वाटतं. उलट झालं तर थोरलीचं रडणं हिश्शासाठी आहे असं घरात म्हटलं जातं. घाईचं कारणही नाही. 9 सप्टेंबर 2005 पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलासारखाच जन्मतः हक्क आहे, आणि त्या दिवशी वडील हयात असणं गरजेचं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 ला स्पष्ट केलं. आधी झालेल्या वाटपाचे अपवाद आहेत, तेवढे कागद वकिलाला दाखवा. हक्कसोडपत्राची दुय्यम निबंधकाकडे नोंदणी व्हावी लागते, घरी स्टँपपेपरवर सही करून भागत नाही.

अबोली:
वडील गिरणीत होते म्हणता, तर तारखा जुळवून बघा. मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप 18 जानेवारी 1982 ला सुरू झाला. पगार बंद झाल्यावर किती घरांनी बायकामुलं गावी धाडली! थोरलीच्या गावच्या शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये प्रवेशाची तारीख असेल, शाळा सोडल्याच्या दाखल्यावरही ती असते. ती संपाच्या आधीची की नंतरची, यावर "नकोशी म्हणून ठेवलं" आणि "पोसायला जमेना म्हणून ठेवलं" यातला फरक पुष्कळदा कळतो. नंतरची निघाली तरी दुखणं खोटं ठरत नाही, हे मात्र धाकटीने ध्यानात ठेवावं.

आई हयात असेल तर दोघींनी मिळून तिच्यापुढे बसू नका, तिला तो खटला वाटेल. एकेकटीने जावं आणि तेव्हा घर कसं चालायचं एवढंच विचारावं.

सुरंगी:
थोरली मधेच उठून गेली तर?

खाडीपलीकडची:
जाऊ द्यावं, मागे जाऊ नये. रात्री व्हॉट्सअॅपवर लांबलचक लिहू नये, ते पुढे कोणाकोणाला जातं सांगता येत नाही. सकाळी चहा देताना "काल तू आजीचं सांगत होतीस" एवढं म्हणावं. बोलली तर बोलली. आणि बोलण्यातून मारहाण किंवा अंगाला हात लावल्यासारखं काही निघालं, तर खोदून तपशील विचारू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर आहे, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.