सामान्य माणूस कथेत नायक केव्हा होतो?

वाशीकर_लेखक:
नमस्कार. मी दोन वर्षांपासून एक दीर्घकथा लिहीत आहे. तिचा मुख्य पुरुष धारण तलावावरचा कंत्राटी पंपचालक आहे. नवी मुंबईचा बराच सखल भाग खाडीलगत भराव घालून वसवलेला असल्यामुळे येथे असे तलाव राखले आहेत. भरती आली की झडपा मिटतात, पावसाचे पाणी तलावात थांबते आणि ओहोटी लागली की ते खाडीत जाते. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, त्या २६ जुलै २००५ च्या रात्री माझ्या कथेतली एक झडप ओंडका अडकून उघडी राहते आणि पहाटेची भरती येण्याआधी हा माणूस पाण्यात उतरून ती मोकळी करतो. कथा वाचलेल्या दोन मित्रांनी स्वतंत्रपणे एकच अभिप्राय दिला: तो शूर वाटतो, नायक वाटत नाही. काय उणे राहिले असावे?

मासुंदाकाठ:
संस्कृत नाट्यविचारात नायकाचे चार प्रकार सांगितले आहेत: धीरोदात्त, धीरोद्धत, धीरललित आणि धीरप्रशांत. चौघांचे स्वभाव वेगळे, पण ‘धीर’ सर्वांना समान आहे. त्यांतील धीरप्रशांत हा राजा नसतो, तर ब्राह्मण, अमात्य किंवा वणिक असतो. पंपचालकाला त्या यादीत जागा नव्हती, ती आपल्याला करून द्यावी लागेल. आपण मराठीत धीर धरतो, देतो, कधी तो सुटतो. म्हणजे हा गुण रोजच्या वापरातला आहे. तुमचा माणूस त्या रात्रीआधी भरतीचे वेळापत्रक कसे पाहतो आणि जाळीतला कचरा कोणी न सांगता कसा काढतो, हे वाचकाला दिसले आहे का?

कोपरी_पूर्व:
वरील मताशी मी अंशतःच सहमत आहे. धीराने उत्तम कामगार घडतो. नायक होण्यासाठी माघार घेण्याची वाट खरोखर मोकळी असावी लागते. त्याच दिवशी माझे वडील दादरहून ठाण्याला चालत आले. त्यांचे आम्हाला अपार कौतुक वाटले, तरी घर गाठण्यावाचून त्यांच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता. त्यांच्याबरोबर चालणारे एक गृहस्थ मात्र मुलुंडला स्वतःच्या इमारतीच्या दारापर्यंत पोहोचले होते. तेथून ते एका अनोळखी वृद्ध बाईंना कोपरीपर्यंत सोडायला पुढे आले आणि तसेच कमरेएवढ्या पाण्यातून परत गेले. ते मुलुंडला थांबले असते तर त्यांना कोणी, अगदी त्या बाईंनीही, दोष दिला नसता. आमच्या घरात आजही गोष्ट सांगितली जाते ती त्यांची, आणि आम्हाला त्यांचे नावही ठाऊक नाही.

तुमचा पंपचालक कामावर असताना पाण्यात उतरतो, म्हणजे ते त्याचे कर्तव्यच ठरते. त्याची पाळी संपलेली असू द्या, बदलीचा माणूस लोकल बंद पडल्याने अडकलेला असू द्या, आणि घरी कोणीतरी त्याची खरोखर वाट पाहत असू द्या.

ऐरोली_वाचक:
शेवटी सत्काराचा प्रसंग असेल तर तो काढून टाकावा. दुसऱ्या दिवशी रस्ता कोरडा दिसला आणि लोक नेहमीसारखे दूध आणायला निघाले, एवढे पुरे. त्या रात्री काय टळले हे फक्त त्याला आणि वाचकाला माहीत असावे.

वाशीकर_लेखक:
मनःपूर्वक आभार. सत्काराचा प्रसंग होता, तो काढला. मला सर्वांत अधिक बोचला तो कर्तव्याचा मुद्दा, कारण त्याला कामावर ठेवून त्याचा निर्णय मीच घेऊन टाकला होता. आता त्याची पाळी रात्री दहाला संपते. तो चौकीला कुलूप लावतो, वहीत वेळ लिहून सही करतो आणि फाटकाबाहेर पडतो. जाळी साफ करण्याची सवय पहिल्या प्रकरणात येईलच. पण फाटकाबाहेर आल्यावर त्याला झडपेचा नेहमीचा आवाज ऐकू येत नाही, येथून तो प्रसंग मी पुन्हा लिहायला घेतला आहे.