मदत हवी आहे: नातवाच्या ‘डॉक्टर’शी ओळख करून घ्यायची आहे, सुरुवात कुठून करू?

आबा_सातारकर (नोव्हेंबर २०२५)

नमस्कार मंडळी. धागा चुकीच्या विभागात पडला असेल तर संपादकांनी हलवावा.

मुलगी, जावई आणि अकरा वर्षांचा नातू कार्डिफला असतात. नाताळच्या सुट्टीत तीन आठवडे इकडे येताहेत. नातवाला ‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश टीव्ही मालिकेचं वेड. मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर त्याने दिवा लागणारं पान्यासारखं काहीतरी कॅमेऱ्यासमोर नाचवलं आणि विचारलं, “आबा, बिली पायपर खरंच डॉक्टर आहे का?” मी म्हटलं, “कुठल्या दवाखान्यात?” पोरगं हसलं नाही. “आई, घे,” म्हणालं आणि फोन देऊन मोकळं झालं.

तेव्हापासून चुटपुट लागली आहे. शोधायला बसलो तर डोकं गरगरलं. पहिला सीझन १९६३चा, पहिली सीरिज २००५ची आणि परत सीझन पहिला २०२४चा! सरकारी नोकरीत जन्मभर फायली सांभाळल्या, पण असे क्रमांक कुठे पाहिले नाहीत.

तर, हे तीन पहिले काय प्रकरण आहे? महिनाभर हाताशी आहे, रोज रात्री जेवणानंतर एक तास. त्यात काय बघू? आणि नवीन काही येतंय की गाडं थांबलं? ‘डिस्ने सोडून गेलं’ असं जावई म्हणत होते.

माझं इंग्रजी वाचून कळतं, ऐकून निम्मं सुटतं. मागच्या खेपेला जावयांनी डीव्हीडींचा एक खोका माळ्यावर टाकलाय, त्यावर २००५ ते २०१० असं काहीतरी लिहिलेलं आहे. आगाऊ आभार.

खगोलवेडा

आबा, तो खोका आजच खाली काढा. निम्मं काम तिथेच झालं.

मालिका २३ नोव्हेंबर १९६३ला बीबीसीवर सुरू झाली, १९८९पर्यंत चालली, मग बंद. मध्ये १९९६ला एक टीव्हीपट येऊन गेला. २००५ला रसेल टी. डेव्हिस यांनी ती परत उभी केली आणि मोजणी एकपासून धरली. २०२३ला तेच डेव्हिस पुन्हा आले. या वेळी ब्रिटन आणि आयर्लंडबाहेर मालिका डिस्ने प्लसवर गेली, नवा प्रेक्षक बिचकू नये म्हणून पाटी परत पुसली. गोष्ट मात्र १९६३पासून एकच आहे.

नट बदलतात त्याचं असं. आपल्याकडे नाटकात रिप्लेसमेंट करतात ना, तीच इथे कथेत बसवली आहे. पहिले डॉक्टर विल्यम हार्टनेल यांची तब्येत साथ देईना, तेव्हा १९६६मध्ये लेखकांनी ठरवलं की हा परग्रहावरचा माणूस मरायला टेकला की त्याचं शरीर बदलतं. चेहरा, वय, स्वभाव सगळं नवं, आठवणी जुन्या. पॅट्रिक ट्रॉटन आले आणि मालिका वाचली. तेव्हापासून हेच चाललंय.

आता बिली पायपर. २००५च्या पहिल्याच भागात कपड्यांच्या दुकानात काम करणारी रोझ टायलर नावाची मुलगी आहे, ती हीच. डॉक्टरची सोबतीण. ३१ मे २०२५च्या भागात शूटी गाटवाचा डॉक्टर शरीर बदलतो आणि समोर येतो तो बिली पायपरचा चेहरा! (स्पेलिंगवर जाऊ नका, उच्चार ‘शूटी’ आहे. नातू पहिलं तिथेच पकडेल.) शेवटच्या श्रेयनामावलीत तिचं नाव ‘सादर करीत आहोत’ एवढ्यावर थांबतं, ‘डॉक्टरच्या भूमिकेत’ हे शब्द नाहीत. त्यावरून चाहत्यांची जुंपली आहे. म्हणजे नातवाचा प्रश्न अगदी बिनतोड आहे आणि ‘कोणालाच माहीत नाही’ हे त्याचं बरोबर उत्तर आहे. पण ते रोझला ओळखणाऱ्या माणसाने दिलेलं हवं. म्हणून २००५.

पोहेप्रेमी

वर ‘रहस्यभेद’ लिहायला काय होतं? मी २०२५चे भाग राखून ठेवले होते.

खगोलवेडा

आबांनी प्रश्नातच नाव घेतलंय, मी काय लपवणार?

निळी_पेटी

खगोलवेडा यांच्याशी असहमत. अकरा वर्षांच्या पोराचा डॉक्टर म्हणजे गाटवा. आबांनी २००५पासून रोज तासभर बघितलं तरी महिन्यात २०२५पर्यंत पोचत नाहीत. सरळ २०२४ आणि २०२५ बघावेत, आठ-आठच भाग आहेत.

त्यातही २०२५मधला ‘लक्स’ चुकवू नका. १९५२ सालचं मायामीतलं थिएटर, पडद्यावरचं कार्टून उतरून बाहेर येतं. मध्येच डॉक्टर टीव्हीतून बाहेर पडून स्वतःच्याच चाहत्यांच्या दिवाणखान्यात जातो आणि त्यांना आवडता भाग विचारतो. ते २००७मधल्या ‘ब्लिंक’चं नाव घेतात. मी सोफ्यावर टाळी वाजवली.

खगोलवेडा

घ्या, म्हणजे तुम्हीही आबांना २००७लाच पाठवलंत.

‘ब्लिंक’ एकटा बघितला तरी चालतो. दगडी पुतळे आहेत, बघत राहिलात तर जागचे हलत नाहीत, पापणी मिटली की सरकतात. आपला ‘स्टॅच्यू’चा खेळ, फक्त राज्य घेणाऱ्याच्या जिवावर बेतणारा. नातू आल्यावर त्याच्यासोबत बघा, दिवे मालवून.

कार्डिफची_वहिनी

आबा, आम्ही इथेच असतो. २००५पासून चित्रीकरण मुख्यतः या भागातच होतं, त्यामुळे गोष्ट लंडनची म्हणतात आणि मागे आमचा बाजार दिसतो. नातू भाग बघताना मध्येच ओरडला तर दचकू नका, ओळखीची गल्ली दिसली असेल.

एक आगाऊ सल्ला: त्याच्यासमोर पात्राला ‘डॉक्टर हू’ म्हणू नका. मालिका ‘डॉक्टर हू’, माणूस नुसता ‘डॉक्टर’. माझ्या मुलाने यावरून त्याच्या बाबांशी दोन दिवस अबोला धरला होता.

आणि गाडं थांबलेलं नाही. डिस्ने बाहेर पडल्याचं आणि २०२६च्या नाताळला डेव्हिस यांनीच लिहिलेला खास भाग येणार असल्याचं बीबीसीने गेल्या महिन्यात जाहीर केलं. शिवाय या डिसेंबरात डॉक्टरशिवायची पाच भागांची मालिका आहे, समुद्रातून वर येणाऱ्या सी डेव्हिल्सची. ही मंडळी १९७२पासूनची. घरात या डिसेंबरात त्याच गप्पा असणार, तेवढं नाव लक्षात ठेवा.

जुनाट

अवांतर होईल, पण कोणीच बोललं नाही म्हणून. १९६३ची पहिली कथा दिग्दर्शित केली ती वारिस हुसेन यांनी. जन्म लखनौचा, तेव्हा वय अवघं चोवीस. निर्मात्या व्हेरिटी लँबर्ट सत्तावीस वर्षांच्या. बीबीसीतल्या बुजुर्गांच्या गर्दीत ही दोन पोरं. त्यात आदल्याच दिवशी केनेडींची हत्या झालेली, म्हणून पुढच्या आठवड्यात दुसऱ्या भागाआधी पहिला परत दाखवावा लागला.

जुन्यांपैकी नव्वदहून जास्त भागांचं चित्र आज नाही. बीबीसीने टेपा पुसून पुन्हा वापरल्या. आवाज मात्र सगळ्यांचा शिल्लक आहे, कारण पोरांनी घरी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर धरून तो टिपून ठेवला होता.

पोहेप्रेमी

इतकं अभ्यासाचं करताय कशाला? नातवालाच सांगा, ‘मला शिकव.’ अकरा वर्षांच्या मुलाला याहून मोठा मान नाही.

आबा_सातारकर

सगळ्यांचे आभार. जुनाट यांचं टेपरेकॉर्डरचं वाचून अंगावर काटा आला. आम्ही रेडिओवरची नाट्यगीतं अशीच टिपायचो, मागे कुकरच्या शिट्टीसकट.

पोहेप्रेमी, तुमचं पटतं, पण अगदी कोऱ्या पाटीने शिष्य व्हायला लाज वाटते. थोडी अक्षरओळख करून घेतो, मग त्याच्यापुढे बसतो. खोका काढला. प्लेअर पुसून लावला, चालतोय!

आबा_सातारकर (चार दिवसांनी)

पहिला भाग झाला. दुकानातले साड्या नेसवलेले असतात तसले पुतळे जिवंत होतात. हिने सांगितलंय, आता पुतळ्यांची भीती हे कारण सांगून साड्यांची खरेदी टाळता येणार नाही. खालची इंग्रजी अक्षरं लावली की नव्वद टक्के कळतं. तो कातडी जाकीटवाला डॉक्टर, क्रिस्टोफर एकल्स्टन, मला आवडला. हसतो छान, पण डोळे हसत नाहीत त्याचे.

काल नातवाला फोन केला. म्हटलं, “बिली पायपरचं कोणालाच माहीत नाही म्हणे. पण श्रेयनामावलीत ‘डॉक्टरच्या भूमिकेत’ लिहिलेलं नाही, ते बघितलंस का?” पलीकडे क्षणभर शांतता. मग चाळीस मिनिटं तो बोलत होता. माझा चहा गार झाला. मुलगी मागून विचारत होती, “कोणाशी बोलतोयस रे एवढं?”

फोन ठेवताना गृहपाठ दिलाय: सायबरमेन आणि डालेक हे डॉक्टरचे दोन शत्रू समोरासमोर आले तर जिंकणार कोण? डालेक म्हणजे तो मिरपुडीच्या डबीसारखा दिसणारा, एवढं कळलंय. हे खोक्यात कुठे सापडेल?

खगोलवेडा

दुसऱ्या सीरिजचा शेवट, २००६. एकीकडे पन्नास लाख सायबरमेन, दुसरीकडे चार डालेक. निकाल सांगत नाही, पोहेप्रेमी ओरडतील. पण मधले भाग गाळून तिथे उडी मारू नका. तो रोझचाही निरोपाचा भाग आहे.

आबा_सातारकर

म्हणजे पंचवीस-सव्वीस रात्री झाल्या. हिला सांगतो, जेवण साडेसातला.