मदत हवी आहे: करवत माश्यांचा जुना संग्रह वाचवायचाय

नमस्कार मंडळी. १९९१ च्या थंडीत आमच्या परसातल्या मुळ्याच्या पानांवर काळपट हिरव्या अळ्या दिसल्या. बोट लावलं की वेटोळं करून टपकन खाली पडायच्या, मेल्याचं सोंग घेऊन. फुलपाखराच्या समजून बरणीत ठेवल्या. भिंगाखाली पोटाचे पाय मोजले तर ८ जोड्या! फुलपाखरं-पतंगांच्या अळीला ५ च्या वर नसतात. पुढे त्या मातीत शिरल्या आणि बाहेर आली नारिंगी अंगाची, धुरकट पंखांची माशी. मोहरीवरची करवत माशी. मधमाश्या-मुंग्यांच्याच गणातली, पण कंबर बारीक नसलेली. मादी दातेरी करवतीने पान चिरून अंडी घालते, ते बघायला मी तासन्‌तास वाफ्याशी बसायचो.

आता त्या टाचणीवरच्या नमुन्यांच्या पेटीत बारीक भुंगेऱ्यांच्या अळ्या शिरल्यात, तळाशी भुकटी साचतेय. डांबरगोळ्यांनी काही झालं नाही. पेटी प्लास्टिकमध्ये गुंडाळून डीप फ्रीझरमध्ये ठेवली तर चालेल का? किती दिवस? ठिसूळ मिश्या तुटतील याची धास्ती वाटते. आणि आकुर्डीच्या प्राणी सर्वेक्षण केंद्रात हौशी माणसाचा संग्रह कुणी दिलाय का? प्रत्येक चिठ्ठीवर तारीख, गाव, झाड लिहिलेलं आहे. कृपया लवकर सांगा, रोज एखादी माशी कमी होतेय.