मदत हवी आहे: एआयने बनवलेला रायझर नेमका कटवर कसा आणायचा?

नमस्कार मंडळी, एका लघुपटाचं पार्श्वसंगीत करतोय. नुसता तानपुरा आणि सारंगी चालू असताना दृश्य एकदम नदीच्या पुरावर जातं आणि तिथे ढोल-ताशा कडाडतो. मधल्या आठ सेकंदांत ताण चढवणारा रायझर, म्हणजे हळूहळू चढत जाणारा आवाज, हवाय. मजकुरावरून आवाज तयार करणाऱ्या एका एआय टूलकडून तो करून घेतला. पोत फार सुंदर आलाय, सारंगीच्या गजाची खरखरसुद्धा त्यात उतरलीये. पण त्याचं शिखर कटच्या (दृश्य बदलतं त्या क्षणाच्या) आधी तरी येतं नाहीतर नंतर, आणि सूर काळी एकच्या (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या) षड्जावरून हळूहळू वर सरकतो. टाइम-स्ट्रेच करून लांबी बदलली की आवाज पत्र्यासारखा होतो. मोठा रायझर घेऊन शेवट कटला जुळवला आणि सुरुवात छाटली, तर चढ अर्ध्यातूनच सुरू झाल्यासारखा वाटतो.

सारंगीचं आपलंच रेकॉर्डिंग आधाराला देऊन एआयकडून असा रायझर कुणी बनवलाय का? त्याने सूर टिकतो का?

आणखी एक. ढोल पडण्याआधी अर्धी मात्रा पूर्ण शांतता हवीच आहे, सगळा परिणाम तिच्यावर आहे. तिथे रायझरच्या रिव्हर्बची (मागे रेंगाळणाऱ्या घुमाऱ्याची) शेपटी तुम्ही कशी कापता? मी रीपर हे ध्वनिसंपादनाचं सॉफ्टवेअर वापरतो, प्रोजेक्टचा सॅम्पल रेट 48 किलोहर्ट्झ आहे.