पवित्र म्हणजे नुसतं स्वच्छ नाही

मुलांना देव मित्र आहे एवढंच शिकवा, ‘पवित्र’ म्हटलं की ती बिचकतात असं काहीजण म्हणतात, ते मला अर्धंच पटलं. बिचकतात ती आपण तो शब्द डोळे वटारून वापरतो म्हणून, चर्चमध्ये जरा दंगा केला की ‘देव बघतोय हां’, मग दुसरं काय होणार. आमच्या संडे स्कूलमध्ये दुसरी-तिसरीतल्या पोरांना विचारलं, प्रभूच्या प्रार्थनेत ‘तुझे नाव पवित्र मानले जावो’ रोज म्हणता तर पवित्र म्हणजे काय रे, तर सगळ्यांचं एकच उत्तर, स्वच्छ! एकजण म्हणाला आंघोळ केलेलं.

मग मी बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाचा ३० वा अध्याय काढला, जो सहसा कुणी मुलांना सांगत नाही. त्यात धूपाची अख्खी रेसिपी आहे, सुगंधी द्रव्यं समभाग, वर मीठ, आणि लगेच ताकीद की हे मिश्रण स्वतःला वास घ्यायला करायचं नाही, ते फक्त परमेश्वरासाठी. ‘पवित्र’साठी हिब्रूत जो ‘कादोश’ शब्द आहे त्यातही वेगळं राखून ठेवलेलं हा अर्थ आहेच. मागच्या बाकावरची एक पोरगी पटकन म्हणाली, म्हणजे आजीच्या कपाटातल्या कपांसारखं, त्यात आपण चहा नाही प्यायचा! (त्यातल्या एकाचा कान तुटलाय तरी आजी हात लावू देत नाही, हेही कळलं.) पुढच्या रविवारी प्रार्थना सुरू होताना तिनंच शेजारच्याचं चिप्सचं पाकीट काढून बाकाखाली ठेवलं, मी काही बोललेही नव्हते.