परदेशातून कायमचं परतल्यावर आधार आणि हेल्थ कार्ड: आधी काय, नंतर काय?

घरवापसी२:
भारतीय पासपोर्ट आहे, आधार कधीच काढलेलं नाही. पासपोर्टचं नूतनीकरण तिकडेच झाल्याने त्यावर तिकडचाच पत्ता आहे. बायकोकडे परदेशी पासपोर्ट आणि ओसीआय कार्ड. आई ७३ वर्षांची, तिचाही पासपोर्ट भारतीय. आधारसाठी १८२ दिवस थांबावं लागतं का? पत्त्याला काय द्यायचं? आणि हेल्थ कार्ड म्हणजे आभा की आयुष्मान?

कागदकारकून:
तुम्हाला आणि आईंना थांबायची गरज नाही. वैध भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी भारतीयांसाठी ती अट २०१९ मध्येच निघाली. वहिनींना मात्र आहे. ओसीआय म्हणजे परदेशी नागरिकच, त्यामुळे अर्जाच्या आधीच्या १२ महिन्यांत एकूण १८२ दिवस भारतात राहणं लागतं. सलग नसले तरी चालतात, बेरीज भरली पाहिजे.

खरी अडचण पत्त्याची. तुमचा पासपोर्ट ओळख आणि जन्मतारखेला चालेल, इथल्या पत्त्याला नाही. वीजबिल द्यायचं तर तुमच्याच नावावरचं आणि तीन महिन्यांच्या आतलं. भावाच्या नावाचं बिल घेऊन लोक जातात आणि तसेच परत येतात. नावावर काहीच नसेल तर यूआयडीएआयच्या (आधार देणाऱ्या सरकारी संस्थेच्या) ठरावीक नमुन्यात राजपत्रित अधिकाऱ्याचं किंवा आमदाराचं प्रमाणपत्र घ्या. नमुना संकेतस्थळावर मिळतो. सही-शिक्का अर्धा फोटोवर, अर्धा कागदावर हवा. नुसता खाली मारलेला शिक्का बघून अर्ज परत करतात. प्रमाणपत्र तीन महिनेच चालतं, म्हणून जायच्या आठवड्यातच करून घ्या.

चौथी_खिडकी:
त्याच्याही आधी सिमकार्ड. पासपोर्टवर मिळतं, आधार लागत नाही. परदेशी नंबरवर आधारचे एसएमएस येत नाहीत, आणि ओटीपी नाही तर पुढचं सगळं अडतं. ईमेल अनिवासींना सक्तीचा आहे.

इथला पत्ता देणार असाल तर फॉर्म १ भरा, आणि ऑपरेटरला ‘एनआरआय’ म्हणूनच नोंद करायला सांगा. तो घाईत ‘रहिवासी’ निवडून मोकळा होतो. पावती छापण्याआधी स्क्रीनवरचं मराठी नाव वाचा. इंग्रजीवरून आपोआप लिप्यंतर होतं आणि जोशीचा ‘जोशि’ होतो. नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, जन्मतारीख एकदाच. त्यातली एक संधी वेलांटीवर कशाला घालवायची? पावतीवरचा १४ अंकी नोंदणी क्रमांक तारीख-वेळेसकट जपा. नोंदणीला पैसे नाहीत. कोणी मागितले तर देऊ नका.

दवाखाना_डायरी:
आभा आणि आयुष्मानची गल्लत सगळेच करतात. आभा हा १४ अंकी क्रमांक, तुमचे रिपोर्ट एका जागी जोडायला. त्यातून उपचाराचा एक रुपयाही मिळत नाही. आधारच्या ओटीपीवर पाच मिनिटांत, फुकट निघतो.

आईंसाठी बघायचं ते आयुष्मान वय वंदना कार्ड. २०२४ च्या ऑक्टोबरपासून ७० वर्षं आणि त्यावरच्या सगळ्यांना, उत्पन्नाची अट न लावता, कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत मोफत उपचार. वय आधारवरूनच धरतात, म्हणून आधी आधार. सीजीएचएस (केंद्रीय कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना) किंवा ईसीएचएस (माजी सैनिकांची) असेल तर ती योजना किंवा हे कार्ड, एकच निवडावं लागतं. खासगी मेडिक्लेम असला तरी हे कार्ड मिळतं. ७० च्या खालच्यांना आयुष्मान कार्डासाठी सरकारच्या पात्रता यादीत नाव लागतं. सरसकट मिळत नाही.

घरवापसी२:
आभार. म्हणजे सिम, प्रमाणपत्र, आधार, मग आईचं कार्ड. आधार यायला किती दिवस?

चौथी_खिडकी:
१८ वर्षांवरच्यांच्या नवीन नोंदणीची राज्य सरकारकडून पडताळणी होते, त्यामुळे काही महिनेही जातात. तोवर आईंचा मेडिक्लेम चालू ठेवा. आणि त्यांना एकदा विचारून घ्या, जायच्या आधी कुठल्या शिबिरात बोटांचे ठसे दिले होते का. कार्ड हातात आलं नसलं तरी आधार तयार झालेलं असू शकतं. मग नवा अर्ज डुप्लिकेट म्हणून बाद होतो, आणि का झाला ते कळेपर्यंत महिने गेलेले असतात. तसं असेल तर जुनाच क्रमांक शोधून काढा.